मोटारीच्या काचेवरील वायपर : दोषनिदान व दुरुस्तीचा इतिहास (आजरा–आंबोली मार्गाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मोटारवाहनाच्या इतिहासाचे लेखन आजवर प्रामुख्याने इंजिन, कारखाने, उद्योजक आणि रस्ते यांच्या अंगाने झालेले आहे. समोरच्या काचेवर इकडून तिकडे फिरणाऱ्या वायपरचा विचार या लेखनात क्वचितच आढळतो. ही वस्तू किरकोळ आहे, स्वस्त आहे, आणि वर्षातील आठ महिने तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. तथापि उरलेल्या चार महिन्यांत संपूर्ण वाहनाची उपयुक्तता तिच्यावर अवलंबून असते. इंजिन कितीही सामर्थ्यवान असले तरी समोरचे वळण दिसत नसेल तर ते सामर्थ्य चालकाच्या काहीच कामाचे नाही.

आजरा परिसरातील वाचकास हे निराळे सांगावयास नको. संकेश्वर–बांदा मार्ग आजऱ्यातून पश्चिमेस आंबोलीकडे जातो व तेथून घाटाने दाणोलीमार्गे सावंतवाडीकडे उतरतो. आंबोलीचे वार्षिक पर्जन्यमान सर्वसाधारणपणे ७,००० मि.मी.च्या घरात जाते. हिरण्यकेशी नदी तेथेच उगम पावते आणि आजऱ्याजवळून पूर्वेकडे वाहते. ज्या पावसावर आजऱ्याचे घनसाळ भात पिकते, त्याच पावसातून येथील शिक्षक, व्यापारी, रुग्ण आणि एस.टी. चालक यांना कोकणात ये-जा करावी लागते. घाटात पावसाबरोबर धुके असते, कड्यावरून कोसळणारे पाणी थेट रस्त्यावर येते आणि समोरून येणारे वाहन जांभ्याचा तांबडा चिखल काचेवर उडविते. वायपर बंद पडणे म्हणजे काय, याचा अर्थ सपाटीवरच्या शहरात आणि या घाटात एकच असू शकत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन मर्यादित स्वरूपाचे आहे. वायपर कोणत्या शक्तीने चालतो यात गेल्या सव्वाशे वर्षांत जसजसा बदल होत गेला, तसतसे त्यातील बिघाडाचे स्थान बदलले; आणि बिघाडाचे स्थान बदलले तसा तो ओळखण्याचा व दुरुस्त करण्याचा अधिकारही एका हातातून दुसऱ्या हातात गेला. शोधकांच्या चरित्रांतून हा इतिहास दिसत नाही. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापर व देखभाल यांच्या अंगाने लिहिण्याचा आग्रह धरला आहे. वायपरसारख्या वस्तूला तो आग्रह विशेष लागू पडतो. अडचण एवढीच की शोधकाने पेटंटचा कागद मागे ठेवलेला असतो, दुरुस्ती करणाऱ्याने सहसा काहीच लिहून ठेवलेले नसते.

हाताने चालणारा वायपर

या वस्तूच्या जन्माची कथा बर्फातील आहे, पावसातील नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या बर्मिंगहॅम शहरातील मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या भेटीत हिवाळ्यात ट्रामचालकास काच उघडून समोर पाहताना अवलोकिले, आणि आत बसून दांड्याने फिरविता येईल अशा रबरी पट्टीची कल्पना मांडली. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळाले. त्यातून त्यांना अर्थप्राप्ती मात्र झाली नाही. मोटारी सर्वत्र दिसू लागण्याच्या सुमारास त्या पेटंटची मुदत संपून गेली. जर्मनीत प्रशियाचा राजपुत्र हाइनरिश आणि इंग्लंडमध्ये ग्लॅडस्टन ॲडम्स यांची नावेही याच दशकातील शोधक म्हणून घेतली जातात. जनकत्वाचा हा वाद येथे लांबविण्याचे कारण नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की या सर्व रचनांत शक्ती चालकाच्या हाताची होती.

हाताने फिरणाऱ्या वायपरला बिघाड असा फारसा नसतोच. रबर झिजते, दांडा सैल होतो, आणि हे दोन्ही दोष चालकाच्या हाताला तत्क्षणी जाणवतात. निदान आणि वापर यांत येथे अंतर नाही. अमेरिकेतील बफेलो येथे जॉन ओइशाय यांनी १९१७ साली ज्या कंपनीची स्थापना केली, तिचे पहिले उत्पादन दोन भागांच्या काचेमधील फटीतून हाताने सरकविण्याची रबरी पट्टी हेच होते. ओइशाय यांच्या मोटारीची पावसात एका सायकलस्वारास धडक बसली, आणि त्या प्रसंगातून ते या व्यवसायाकडे वळले. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपवरही वायपर हातानेच फिरवावे लागत. एका हातात सुकाणू आणि दुसऱ्या हातात वायपरचा दांडा घेऊन घाट चढणे कसे असेल याची कल्पना गिअर बदलणाऱ्या कोणत्याही चालकास करता येईल.

निर्वातावर चालणारा वायपर आणि घाटाची चढण

१९२०च्या दशकात अमेरिकेत निर्वातावर चालणारे वायपर रूढ झाले. क्लीव्हलंड येथील फोल्बर्थ बंधूंची या बाबतीतील कामगिरी प्रसिद्ध आहे. तत्त्व सोपे आहे. पेट्रोल इंजिन हवा आत ओढते तेव्हा आत घेणाऱ्या नळीत दाब कमी होतो. त्या नळीला एक रबरी नळी जोडून दुसऱ्या टोकास लहानशी पेटी बसविली की पेटीतील पडदा एकदा या बाजूला व एकदा त्या बाजूला ओढला जातो, आणि त्याबरोबर वायपर फिरतो. वीज लागत नाही, मोटार लागत नाही. त्या काळच्या मोटारींची बॅटरी दुबळी असे, त्यामुळे ही सोय फार मोठी होती.

परंतु या सोयीत एक विचित्र दोष दडलेला होता, आणि तो घाटातच प्रकट होतो. प्रवेगकावरचा पाय उचललेला असतो तेव्हा हवेच्या वाटेवरील झडप जवळजवळ मिटलेली असते आणि नळीतील निर्वात सर्वाधिक असतो. पाय दाबून झडप पूर्ण उघडली की निर्वात नाहीसा होतो. म्हणजे उतारावर वायपर झपाझप चालतो आणि चढणीवर, इंजिन जीव तोडून ओढत असताना, तो मंदावतो किंवा मधल्यामध्ये थांबतो. आंबोली घाटाच्या संदर्भात याचा अर्थ असा की आजऱ्याकडून सावंतवाडीस उतरताना ज्या वाहनाचा वायपर उत्तम चालला, त्याच वाहनाचा वायपर दाणोलीकडून वर येताना थांबणार. पाऊस, धुके आणि चढण तिन्ही एकाच ठिकाणी. यावर उपाय एकच होता. क्षणभर पाय उचलायचा, वायपरला दोन फेऱ्या मारू द्यायच्या आणि पुन्हा पाय दाबायचा. वेग गेला तरी चालेल, दिसले पाहिजे.

हा बिघाड नव्हे, तो रचनेचाच गुण होता; मात्र अनभिज्ञ चालकास तो बिघाड वाटणे साहजिक होते. निर्वात-वायपरच्या निदानातील पहिली पायरी म्हणूनच वायपर उघडून पाहण्याची नव्हती. वाहन जागेवर उभे करून इंजिन संथ चालविले असता वायपर चालतो का, हे आधी पाहावे लागे. चालला तर दोष चढणीचा. तरीही संथ राहिला तर रबरी नळीस चीर पडली आहे, किंवा पेटीतील पडद्याच्या कडा कोरड्या पडून हवा गळते आहे. नळीचे टोक काढून अंगठा दाबून धरला की ओढ आहे की नाही ते कळे. मिस्त्रीला येथे कोणतेही उपकरण लागत नव्हते. अंगठा पुरेसा होता.

भारतात महिंद्रांनी जीपची जुळणी १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. युद्धोत्तर नागरी जीपच्या आरंभीच्या नमुन्यात चालकासमोर निर्वातावरचा व शेजारी हाताने फिरविण्याचा अशी जोडी असे. एकाच काचेवर दोन युगे शेजारीशेजारी बसलेली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

डिझेल वाहनांनी हा प्रश्न निराळ्याच वाटेने सोडविला. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर एस.टी.ची पहिली बस धावली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि सार्वजनिक वाहतुकीचे जाळे पुढील काळात आजऱ्यासारख्या, पूर्वी इचलकरंजी जहागिरीत असलेल्या भागापर्यंत विस्तारत गेले. १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून डिझेल मालमोटारी तयार करण्यास प्रारंभ केला. त्या काळच्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर पेट्रोल इंजिनासारखी झडप सामान्यतः नसते, त्यामुळे पुरेसा निर्वातही मिळत नाही. अशा वाहनांना विजेवर अथवा दाबाच्या हवेवर चालणारा वायपर लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. प्रवासी मोटारींत अमेरिकन कंपन्या १९७०च्या दशकाच्या आरंभापर्यंत निर्वाताला चिकटून राहिल्या, तरी युरोपात बॉशने १९२६ सालीच विजेचा वायपर बाजारात आणला होता, आणि भारतीय बाजारपेठेवर अखेरीस हीच परंपरा स्थिरावली. १९६१ साली मद्रास येथे लुकास-टीव्हीएस ही कंपनी स्थापन झाली व वाहनांची विद्युत उपकरणे देशातच तयार होऊ लागली.

विजेची मोटार : निदानाची शिस्त

विजेच्या मोटारीने वायपरला चढ-उताराच्या बंधनातून मुक्त केले, पण दोषाला लपण्यास अनेक जागा उपलब्ध करून दिल्या. पूर्वी एक नळी आणि एक पेटी होती. आता बॅटरी, फ्यूज, स्विच, तार, मोटार, आतील दंतचक्र, मोटारीपासून दोन्ही बाजूंस जाणाऱ्या सळया, त्यांचे सांधे, खाचा असलेले दोन दांडे, त्यांवरील नट, वायपरचे हात, स्प्रिंग आणि शेवटी रबर अशी साखळी तयार झाली. साखळीचा कोणताही एक दुवा तुटला तरी चालकाला दिसते ते एकच : काच पुसली जात नाही. लक्षण एक आणि कारणे डझनभर, अशी ही स्थिती होय. दोषनिदान ही स्वतंत्र विद्या येथून सुरू झाली.

या विद्येचा गाभा म्हणजे कान. स्विच दाबल्यावर मोटारीचा आवाज येतो की नाही, या एका प्रश्नाने साखळीचे दोन तुकडे होतात. आवाज येत नसेल तर दोष विजेच्या बाजूस आहे. फ्यूज पाहावा, मग मोटारीपर्यंत वीज पोहोचते का ते लहान दिव्याने तपासावे, मग मोटारीची अर्थिंग पाहावी. पावसाळी भागात अर्थिंगचा स्क्रू गंजणे हे फार नित्याचे कारण आहे, आणि त्यामुळे वायपर पूर्ण बंद न पडता केवळ मंदावतो. बॅटरीपासून थेट तार देऊन मोटार वेगाने फिरली तर मोटार निर्दोष ठरते. एवढी परीक्षा न करता मोटार बदलणारा मनुष्य ग्राहकाचे पैसे वाया घालवितो, असे स्पष्ट म्हणावे लागेल.

आवाज येत असेल आणि वायपर हलत नसेल तर दोष यांत्रिक बाजूस आहे. दोहोंपैकी एकच वायपर थांबला असेल तर मोटारीकडे पाहण्याचेही कारण नाही. एक तर त्या बाजूच्या हाताचा नट सैल होऊन खाचा घसरत आहेत, किंवा सळईच्या टोकाची प्लास्टिकची वाटी झिजून गोळीवरून निसटली आहे. नट आवळणे हे दोन मिनिटांचे काम. वाटी निसटली असेल तर ती जागेवर बसवून तारेने बांधली की घर गाठता येते. पूर्वी पितळी बुश लेथवर काढून बसविण्याची पद्धत होती. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी असे लहान काम करून देणारे कारागीर सहज मिळत. लोखंड ओतणाऱ्या आणि इंजिने घडविणाऱ्या त्या वसाहतीच्या इतिहासात बोटाएवढ्या बुशची नोंद कोण घेणार? परंतु घाटात गाडी चालू राहते ती अशा बुशवर.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडणे हा याच विद्येतील एक बोधप्रद प्रसंग आहे. फ्यूज उडाला म्हणजे फ्यूज खराब, अशी सामान्य समजूत असते, आणि त्याच्या जागी जाड तार गुंडाळण्याचा मोह होतो. वस्तुतः फ्यूज आपले काम चोख करीत असतो. काचेच्या खालच्या खोबणीत साचलेली पाने व माती, गंजून जड झालेला दांडा, किंवा वाकलेली सळई यांमुळे मोटार अडते, अडलेली मोटार कित्येक पट अधिक वीज खेचते आणि फ्यूज वितळतो. जाड तार घातली की वितळण्याची पाळी मोटारीवर किंवा तारांच्या वेटोळ्यावर येते. सळई मोटारीपासून सोडवून मोटार एकटी चालवून पाहावी. ती सुरळीत फिरली तर अडथळा सळयांत व दांड्यांत शोधावा. काही मोटारींत तापल्यावर वीज तोडणारी कळ आतच असते. असा वायपर चालतो, थांबतो, पाच मिनिटांनी पुन्हा चालतो, आणि भुताटकी असल्याचा भास होतो. कारण तेच, अडथळा.

आणखी दोन लक्षणे अभ्यासकाला मोटारीच्या अंतरंगात नेतात. वायपर बंद केल्यावर तो काचेच्या तळाशी न जाता आहे तेथेच थांबला, तर मोटारीतील दंतचक्रालगतची थांबा देणारी पट्टी मळली किंवा झिजली आहे. दोन वेगांपैकी एकच वेग उरला असेल आणि स्विच व तारा निर्दोष असतील, तर कार्बनचा विचार करावा. दोन वेगांच्या मोटारीत सामान्यतः तीन कार्बन असतात आणि तिसरा किंचित आडबाजूस बसविलेला असतो. त्याच्या योगे वेग वाढतो. कार्बन झिजणे ही मोटारीची नैसर्गिक वृद्धावस्था आहे. पूर्वी गॅरेजमध्ये मोटार खोलून कार्बन बदलले जात, कळा घासल्या जात, ग्रीस भरले जात. वायपरचा हात हाताने ढकलून फिरवू नये हा जुना दंडकही याच अंतरंगाशी निगडित आहे. आतील मळसूत्री दंतचक्र मोटारीकडून हाताकडे शक्ती नेते, उलट दिशेने नेत नाही. जोर लावला तर दाते तुटतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ अन्वये समोरची काच असलेल्या वाहनांना शक्तिचलित व कार्यक्षम वायपर असणे आवश्यक ठरविण्यात आले. नियमातील 'कार्यक्षम' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. वायपर असणे आणि तो कार्यक्षम असणे यांमधील अंतर कोणी भरून काढायचे, हे नियम सांगत नाही. ते अंतर गॅरेजमध्ये भरून निघत होते.

रबर, काच आणि मृग नक्षत्र

वायपरविषयक तक्रारींचा मोठा भाग मोटारीपर्यंत पोहोचतच नाही. तो रबराशी संपतो. रबराची पातळ कड काचेवर सरळ उभी नसते. ती गतीच्या विरुद्ध दिशेला कललेली असते आणि प्रत्येक फेरीच्या टोकाला कूस बदलते. उन्हात व हवेत राहून रबर कडक झाले की ते कूस बदलण्यास नाकारते. मग एका दिशेला काच स्वच्छ पुसली जाते आणि परतताना वायपर थरथरत, टकटक आवाज करीत, पाण्याच्या रेघा ओढीत येतो. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे वायपर निष्क्रिय असतो व उन्हात काचेला चिकटून भाजत राहतो. बर्फाच्या देशांत तो वर्षभर थोडाथोडा वापरला जातो. म्हणूनच तेथील पुस्तिकांतील सूचना येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. येथे मृगाचा पहिला पाऊस हाच वायपरचा परीक्षक ठरतो, आणि त्याच आठवड्यात गॅरेजसमोर रांगा लागतात.

रेघांचेही एक व्याकरण आहे. प्रत्येक फेरीत रेघ त्याच ठिकाणी उमटत असेल तर रबराच्या कडेला तेथे खाच पडली आहे. रेघ जागा बदलत असेल तर रबरावर कचरा आहे. ओल्या फडक्याने पुसले की जाते. संपूर्ण काचेवर दुधाळ पडदा येत असेल तर रबर निर्दोष असून काचेवर डिझेलच्या धुराचा तेलकट थर आहे. साबणाच्या पाण्याने काच धुणे हाच उपाय. काचेचा मधलाच पट्टा कोरा राहत असेल तर हाताची स्प्रिंग ढिली झाली आहे किंवा ब्लेडचा सांगाडा वाकला आहे. नवे रबर घालूनही थरथर थांबत नसेल तर वायपरचा हात पिळला गेला आहे. पकडीने किंचित उलट पीळ दिला की रबर काचेशी काटकोनात येते. आणि कोरड्या काचेवर तांबडी माती असताना वायपर चालविला तर ती माती कानसेसारखी काम करते व काचेवर कायमचे अर्धवर्तुळ कोरते. त्या अर्धवर्तुळाला दुरुस्ती नाही. रात्री समोरच्या दिव्यांच्या प्रकाशात ते चमकत राहते.

आंबोलीच्या वाटेवर आणखी एक फसवणूक होते. काच धूसर होते, चालक वायपरचा वेग वाढवितो, धूसरपणा तसाच राहतो, आणि दोष वायपरच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात बाष्प काचेच्या आतल्या बाजूस धरलेले असते. आतून बोट फिरवून पाहिले तर लगेच कळते. काच थोडी खाली करणे किंवा वातानुकूलनाची हवा समोरच्या काचेवर सोडणे हा त्यावरील उपाय.

वायपर पूर्णच बंद पडला तर काय करावे, याचेही लोकज्ञान चालकवर्गात आहे. काचेवर बाहेरून तंबाखू चोळणे किंवा चिरलेला बटाटा फिरविणे हे उपाय भारतभर ज्ञात आहेत. सुशिक्षितांना ते हास्यास्पद वाटतात. पण त्यामागील कारण समजण्याजोगे आहे. काचेवरील तेलकटपणामुळे पाण्याचे थेंब वेगवेगळे उभे राहतात आणि प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो. पाणी धरून ठेवणारा पातळ थर दिला की थेंब मोडून सलग पडदा तयार होतो, आणि त्या पडद्यातून पुष्कळसे दिसते. हा उपाय थोडाच वेळ टिकतो व वेग अत्यंत कमी ठेवावा लागतो. घाटातून सुरक्षित जागी पोहोचण्यापुरताच तो आहे. तथापि त्यास अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे होईल.

अध्यापकाचा वायपर

अमेरिकेतील डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठात अध्यापन करणारे रॉबर्ट कर्न्स यांनी थांबून थांबून चालणाऱ्या वायपरच्या विद्युतरचनेसाठी १९६४ साली पेटंटचा अर्ज केला. रिमझिम पावसात सतत फिरणारा वायपर कोरड्या काचेवर घासतो. डोळ्याच्या पापणीप्रमाणे तो मधूनमधून मिटावा, ही कल्पना. विद्युतभार साठविणारा एक लहान घटक हळूहळू भरतो, भरला की एक फेरी होते, पुन्हा भरणे सुरू. फोर्ड कंपनीविरुद्ध त्यांनी १९७८ साली दावा लावला. १९९० साली १ कोटी २ लाख डॉलरवर तो मिटला; क्रायस्लरविरुद्धचा निकालही १९९२ साली त्यांच्या बाजूने लागला. २००८ साली या संघर्षावर चित्रपट निघाला. तो पाहण्यास कर्न्स हयात नव्हते.

कर्न्स यांच्या न्यायालयीन लढ्याविषयी सर्वांनी लिहिले. त्यांच्या रचनेने दुरुस्तीच्या व्यवहारात काय घडविले, याकडे कोणी पाहिले नाही. वायपरच्या साखळीत प्रथमच असा दुवा आला की जो डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही आणि अंगठ्याला जाणवत नाही. संथ व जलद दोन्ही वेग ठीक, परंतु थांबून चालण्याची सोय बंद, असे लक्षण दिसले की मिस्त्री रिले बदलून पाहतो. आत काय झाले हे शोधण्याचे कारण उरत नाही. त्यानंतर आलेल्या पाऊस ओळखणाऱ्या यंत्रणेत काचेच्या आतून अदृश्य प्रकाश सोडला जातो. काच कोरडी असता तो पूर्णपणे परावर्तित होऊन परततो, थेंब असता काही भाग बाहेर निसटतो. फुटलेली काच बदलताना हा संवेदक नीट चिकटला नाही तर वायपर ऊन असताना चालतो आणि पावसात थांबतो. त्याचे निदान संगणकीय उपकरणाविना करणे कठीण. रबराचेही तेच झाले. पूर्वी सांगाडा ठेवून केवळ रबराची पट्टी बदलता येत असे. सांगाडाविरहित चपट्या ब्लेडमध्ये बहुधा संपूर्ण ब्लेडच टाकून द्यावे लागते.

एक अनुभव

जुलै २०२२ मध्ये प्रस्तुत लेखक परीक्षाविषयक काम आटोपून सावंतवाडीहून आजऱ्याकडे परतत होता. घाटातील धबधब्याच्या वर दोन वळणे पार केल्यावर चालकाच्या बाजूचा वायपर काचेच्या मध्यावर थांबला. शेजारचा चालू होता. तीन आठवड्यांपूर्वीच एका शहरातील कार्यशाळेत हाच वायपर अधूनमधून अडखळतो म्हणून दाखविला होता. तेथे मोटारीसह संपूर्ण जोडणी बदलावी लागेल असे सांगून हजारोंचा अंदाज देण्यात आला होता व प्रत्यक्षात काहीच उघडून पाहिले गेले नव्हते. शेजारच्या आसनाकडे झुकून, त्या बाजूच्या पुसलेल्या काचेतून पाहत, जवळजवळ चालण्याच्या गतीने आंबोली गाठली. अंतर फार नव्हते. वेळ किती लागला हे आज सांगता येणार नाही, परंतु मागे बसलेल्या सहकाऱ्यांपैकी कोणीही त्या काळात एक शब्द बोलले नव्हते, हे स्मरते.

दुसऱ्या दिवशी आजऱ्यातील एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली. शहरातील निदान सांगताच ते म्हणाले, "मोटर वाजत्या न्हवं, सर? दुसरा वायपर फिरतोय न्हवं? मग मोटर मरंल कशी?" त्यांनी काचेखालची जाळी काढली, साचलेली पाने मूठभर बाहेर टाकली, आणि सळईच्या टोकाची झिजलेली प्लास्टिकची वाटी दाखविली. ती गोळीवरून निसटली होती. दुसऱ्या एका निकामी जोडणीतील वाटी काढून त्यांनी बसविली, दोन्ही हातांचे नट आवळले, काचेवर तांब्याभर पाणी ओतून चार फेऱ्या पाहिल्या. मजुरी १५० रुपये.

त्यांच्या फळकुटावर एक पत्र्याचा डबा होता. त्यात निरनिराळ्या गाड्यांच्या वाट्या, बुश, कार्बन, स्प्रिंगा आणि नट होते. कोणत्या गाडीची कोणती वाटी कोणत्या गाडीला चालते, याची कोठेही यादी नव्हती. ती लिहून घेण्याची परवानगी प्रस्तुत लेखकाने मागितली तेव्हा ते हसले आणि म्हणाले की हाताला लागली की कळते. तरीही पुढील काही रविवारी बसून एकूण ४३ नगांची नोंद करता आली. त्यांपैकी ११ नग कोणत्या वाहनाचे आहेत हे आता त्यांनाही आठवत नव्हते.